दादा सोडून काहीही

तो आला होता खिडकीची काच बसवायला. हॉलभर जुन्या सायकली, आणि दहा-बारा जण त्या दुरुस्त करत बसलेले – शाळेत पायी जाणाऱ्या मुलांसाठी. गटाची प्रमुख ग्रीसने माखलेले हात वर करून म्हणाली, "जरा हा पाना धरता?" पाना त्याच्या हातात गेला तो गेलाच. पुढच्या रविवारी काच धडधाकट होती, तरी काचवाला हजर!

गटात तिला सगळे ताई म्हणत. वयाने दुप्पट असलेले औषधदुकानवाले काकासुद्धा. फक्त हा म्हणत नसे. काही विचारायचं असलं की खोकायचा, पंप आपटायचा, नाहीतर "ते... जरा... चेन कुठंय?" असं हवेलाच विचारायचा. याचं नेमकं काय बिनसलंय, ते कळल्याशिवाय तिला चैन पडेना. ती मुद्दाम पाठमोरी उभी राही – आता तरी हाक मारेल! पठ्ठ्या सगळ्या सायकलींना वळसा घालून समोर येई आणि खोकत राही.

मग तिची नर्सिंगची शेवटची परीक्षा जवळ आली. अभ्यास आणि गट, दोन्ही निभेना. प्रमुखपद सोडायचं तिने ठरवलं आणि सगळ्यांसमोर काचवाल्याचं नाव सुचवलं. टाळ्याही पडल्या.

"मला नाही जमणार," तो म्हणाला.

तिचं तोंड उतरलं. दुसरं कुणी पुढे येईना. हॉलला कुलूप लागलं, तर इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. सगळे गेल्यावर तिने त्याला दारातच गाठलं.

"का नाही जमणार? खरं सांगा."

"प्रमुख झालो की सगळे मला दादा म्हणणार."

"म्हणू देत की!"

"सगळे म्हणू देत..." तो आपणच बसवलेल्या काचेकडे बघत राहिला. "पण तुम्हीही म्हणाल."

तिला आधी हसू फुटलं. मग ते खोकणं, ते वळसे – सगळं एकदम उलगडलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिला तो आवडत होता, कधीपासूनच. ती आपली त्या ओढीला कुतूहल समजत होती.

"म्हणून मला कधी ताई म्हणाला नाहीत?"

"जीभच रेटली नाही."

"बरं... मी नाही म्हणणार दादा. आता तरी किल्ली घ्याल?"

"मग काय म्हणाल?"

"बघते विचार करून."

किल्ली घेताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळली. आठवडाभर आता चैन पडत नव्हतं ते त्याला.

रविवारी ती तासाभरासाठी आली, इतरांसारखीच, आणि कोपऱ्यात ट्यूबला ठिगळ लावत बसली. "दादा, पंप!" "दादा, घंटी वाजत नाही!" चहूकडून नुसता कल्ला. दादांचे कान मात्र कोपऱ्याकडे.

आणि तिकडून, अगदी सहज, आवाज आला –

"अहो... ऐकलं का?"

हॉल चिडीचूप. काकांच्या हातातला पाना खणकन पडला.

"ऐकलं," तो म्हणाला. आणि या वेळी खोकला नाही.