टास्कबारवरची दारं

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, साहेबांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून घेतलं. काम तसं किरकोळ होतं. कोल्ड स्टोरेजच्या माडीवरच्या खोलीत जो कॉम्प्युटर होता, खालच्या थंड खोलीचे दिवे, दार, पंखे, कॅमेरा सगळं चालवणारा, त्याच्या टास्कबारवरचे आयकॉन चुकीचे दिसत होते. दिव्याच्या जागी दार, दाराच्या जागी पंखा, कॅमेऱ्याच्या जागी भलतंच काही.

"होतं असं," कॉम्प्युटरवाला बॅग ठेवत म्हणाला. "सगळी चित्रं मशीन एका जागी साठवून ठेवतं. तो साठा बिघडला की याचं चित्र त्याला. पुसून टाकला की नवी चित्रं तयार होतात."

"पुसा नंतर. आधी बघून घ्या, आणि उद्या चौकशीला येऊन एवढंच सांगा, की मशीन बिघडलेलं होतं."

दाराशी उभ्या असलेल्या ताईनं मान वर केली. ताई म्हणजे पॅकिंगची मुख्य. किल्ल्या तिच्याकडे असायच्या म्हणून तिलाही यावं लागलं होतं.

मागच्या महिन्यात तिचा भाऊ खालच्या थंड खोलीत कोंडला जाऊन मेला होता. हमाल होता तो, आणि पेट्या उचलताना सारखा गुणगुणायचा म्हणून सगळे त्याला गवई म्हणत. माडीवरच्या खोलीत आयकॉनखालची नावं वाचायची पद्धतच नव्हती. नावं कधीच लपवून टाकली होती. चित्र बघायचं आणि दाबायचं. साहेबांनी याच सवयीवर चौकशीतली आपली साक्ष उभी केली: मी दिव्याचं चित्र दाबलं, ते चुकीचं निघालं, दाराला कुलूप लागलं. धादांत खोटं! त्या दिवशी सगळी चित्रं जागच्या जागी होती.

पण गंमत बघा, साक्ष दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चित्रं खरोखरच बदलायला लागली. साहेबांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

सगळं बघून झाल्यावर कॉम्प्युटरवाल्यानं साठा पुसला. टास्कबार क्षणभर नाहीसा झाला, परत आला. आता त्याच्यावर एका ओळीत सगळी दारंच होती. बंद दारं.

"असं कधी बघितलं नाही बुवा," तो पुटपुटला. पुन्हा पुसलं. पुन्हा दारं, आणि या खेपेला त्यांच्या कडा पांढऱ्या झालेल्या, हिम धरल्यासारख्या. त्यानं अंदाजानं एक दाबलं. कॅमेरा सुरू झाला. थंड खोलीत सफरचंदांच्या पेट्यांमागे कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं, पाठमोरं.

आत आणखी एक मेला तर कुठलीच साक्ष साहेबांना वाचवणार नव्हती.

"कशालाही हात लावू नका," ते म्हणाले आणि जिना उतरून पळाले.

त्यांनी थंड खोलीचं दार उघडलं आणि ते लागू नये म्हणून पेटी टेकवून ठेवली. तेवढी अक्कल शाबूत होती. आत फळांचा आंबूस गोड वास होता आणि पंख्यांची घरघर. "कोण आहे रे? बाहेर ये." ते पेट्यांमागे गेले. तिथं कुणीच नव्हतं. जमिनीवर हिमाचा पातळ थर, आणि त्यात कुणी बसल्याची कोरडी जागा.

पंखे थांबले.

मग मागे पेटी सरकल्याचा आवाज आला. सावकाश, कुणी जपून बाजूला ठेवावी तसा. दार लागलं. दिवा गेला. अपघातानंतर आतून उघडायला नवी मूठ बसवली होती. ती साहेबांनी फिरवली, आणि ती नुसतीच फिरत राहिली. त्यांनी भिंतीवरचा इंटरकॉम चाचपडत शोधला.

"दार उघडा... काय दाबलंत तुम्ही?"

"साहेब, मी वायरच काढून ठेवलीय," वरून कॉम्प्युटरवाला म्हणाला. "मशीन बंद आहे."

अंधारात कुणीतरी गुणगुणायला लागलं. आधी कोपऱ्यात, मग पेट्यांच्या अलीकडे. मग त्यांच्या कानापाशी, इतकं गार की कानाची पाळी बधिर झाली. गुणगुणणं थांबलं.

"सांग..."

इंटरकॉमला तोंड लावून साहेब सांगत सुटले. "चित्र बरोबर होतं... मीच दार लावलं. त्यानं उलट उत्तर दिलं म्हणून. म्हटलं, थोडा गारठू दे, अक्कल येईल... तेवढ्यात घरून फोन आला. मी बोलत बोलत निघून गेलो. विसरलो... खरंच विसरलो."

जिन्यावर पावलं वाजली. कुलूप खट् करून सुटलं आणि उजेड आत आला. दारात ताई उभी होती. साहेब धडपडत बाहेर आले, तिच्या पायांशी कोसळले आणि हात जोडू लागले.

तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती त्यांच्यामागे, आतल्या काळोखात बघत होती.

"दादा, ऐकलं मी सगळं," ती हळूच म्हणाली. "उद्या चौकशीतही सांगतील ते. चल आता, बाहेर ये."

ती कान देऊन ऐकत राहिली. मधूनच मान हलवत होती, लहान बहिणीनं हलवावी तशी. साहेबांना कसलाच आवाज आला नाही.

"काय... काय म्हणतोय?"

ताईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी स्थिर होता.

"म्हणतोय, सांगून काय होतं. मी आत होतो तेवढा वेळ त्यांनाही बसू दे."

आणि त्यांनी परत आत जावं म्हणून तिनं दार उघडं धरलं.