पंचविसाव्या मिनिटाला

तो आला होता नुसता पत्ता विचारायला. लॉन्ड्रीतलं मशीन बंद पडलं होतं, ते दुरुस्त करायला निघालेला हा मेकॅनिक शेजारच्या बेकरीत शिरला. तेव्हा ती नुकत्याच काढलेल्या केककडे रागाने बघत उभी होती. संत्र्या-लिंबाचा, ब्लूबेरी घातलेला लांबट केक... एका अंगाने करपलेला, दुसऱ्या अंगाने फिकुटलेला.

"ओव्हनची डावी बाजू जास्त तापतेय," तो म्हणाला.

"हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे. म्हणून तर मी अर्ध्यात साचा फिरवते. तरी कधी करपतो, कधी मधोमध बसतो. आणि लॉन्ड्री पलीकडे आहे."

लॉन्ड्रीतलं काम उरकून तो परत आला. ओव्हनचा मागचा पंखा खोलला, साफ केला, बसवला. "आता सगळीकडे सारखी आच. करून बघा."

तिने साखरेत संत्र्याची साल किसली, बोटांनी चोळली, तशी सगळी खोली घमघमली. ब्लूबेऱ्या तळाशी जाऊ नयेत म्हणून त्या कोरड्या मैद्यात घोळवल्या. तो स्टुलावर बसून बघत होता, आणि ती गरजेपेक्षा जरा जास्तच साल किसत होती.

पंचविसाव्या मिनिटाला तिने दार उघडून साचा फिरवला. केक मधोमध बसला. चांगला वाटीएवढा खड्डा.

"पुढच्या बुधवारी येतो पुन्हा," तो म्हणाला. त्याचे कान का लाल झाले, तिला कळलं नाही.

मग दर बुधवार तसाच. तो कुठलातरी स्क्रू पिळायचा, केक बसायचा. बेकरी तिच्या आत्याची. आत्या खड्ड्यात लिंबाचा पाक ओतून केक खपवायची आणि भाचीला ऐकवायची, "ठकू, बिघाड नक्की ओव्हनमध्येच आहे ना?"

"तुमच्या हाताला पीठ नाही, असा दिवस असतो का?" एकदा त्याने विचारलं.

"रविवार."

"मग रविवारी काय करता?"

"बुधवारची..." ती अडखळली. "सामानाची यादी करते. बुधवारच्या."

"मोठी असणार यादी," तो हसू दाबत म्हणाला.

सहाव्या बुधवारी तो हत्यारांची पिशवी न घेताच आला. कंपनी त्याला लांबच्या कारखान्यात पाठवत होती. दोन वर्षं. परवा निघायचं.

"मग ओव्हनचं काय?" तिने विचारलं. विचारायचं होतं भलतंच, पण जीभ ऐन वेळी दगा देते.

तिने केक आत ठेवला. पंचवीस मिनिटं झाली, तशी हातमोजा चढवून ती उठली, आणि त्याने ओव्हनच्या दारावर हात ठेवला.

"नका उघडू."

"साचा फिरवायचाय."

"आता नाही फिरवावा लागत. दार उघडलं की गार हवा आत शिरते, अर्धकच्चं पीठ खाली बसतं. ओव्हन ठीक आहे. बाकी काही नाही... तुमची सवय आहे."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि सहा आठवडे मी..."

"सांगितलं असतं, तर यायला कारण उरलं नसतं."

तिने रागवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून. जमेना. मोज्यातला हात त्याच्या हाताजवळ तसाच राहिला आणि उरलेली पंचवीस मिनिटं दार कोणीच उघडलं नाही. आत्या मागच्या खोलीत उगाच ट्रे आपटत होती.

केक फुगून वर आला, मधोमध सुरेख तडकला. तिने गरम केकवर लिंबाचा पाक हळूहळू मुरवला.

"एक तुकडा?" त्याने विचारलं.

"आज नाही. उद्या जास्त चांगला लागेल."

"उद्या मी सामान बांधत असेन."

"म्हणून अख्खाच देतेय." तिने तो कागदात गुंडाळला. जाऊ नका, असं म्हणावंसं वाटलं. दोन वर्षांसाठी निघालेल्या माणसाला असं कसं म्हणायचं?

दारात तो थबकला. "ओव्हनला काही झालं तर फोन करा."

"ओव्हनला आता काही होणार नाही." तिने कागदाचं टोक उगाच पुन्हा दुमडलं. "नंबर आहेच तुमच्याकडे, तुम्हीच करा. काही काम नसताना."

तो मान हलवून निघाला. ती काचेआडून बघत राहिली. रस्त्याच्या टोकाला त्याने केक भिंतीच्या कठड्यावर अलगद ठेवला, आणि तिच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला.

"काही काम होतं?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

मग फोन कानाला लावून दोघं उभी राहिली, आपापल्या टोकाला. ठेवायची घाई कोणालाच नव्हती.