बुटक्याचा बाक

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. 'धुकं होतं, भास झाला असेल' असं ज्यांना खाली लिहायचंय त्यांनी खुशाल लिहा. माझ्या आत्यानेही त्या रात्री स्वतःला तेच सांगून पाहिलं होतं.

मागच्या हिवाळ्यातला गुरुवार. दिवस मावळत आलेला, नदीच्या धक्क्यावरचे दिवे अजून लागायचे होते.

आत्याचं गाव नदीच्या दोन काठांवर वसलंय. एका काठावर घरं, दुसऱ्यावर शाळा, बाजार आणि दवाखाना. मधला पूल दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून अख्खं गाव आत्याच्या नावेवर येऊन पडलं होतं. लांबट, इंजिनाची नाव. आत्या मागे उभी राहून इंजिन आणि सुकाणू सांभाळायची. आधी हे काम तिचे सासरे करायचे. ती त्यांना मामंजी म्हणते. त्यांचे गुडघे गेले तशी त्यांनी नाव सुनेच्या हातात दिली, आणि सोबत एकच ताकीद.

पुढच्या बाकावर कोणाला बसवायचं नाही.

नावेच्या अगदी टोकाला दोघांपुरता एक बाक आहे. त्यावर कायम दोरखंडाचं वेटोळं ठेवलेलं, म्हणजे कोणी बसू नये. नवख्याने विचारलं तर सांगायचं, तोल जातो. गावातल्या माणसांना सांगावं लागत नाही.

कारण नदीच्या मधोमध बुटका आहे.

जुन्या पुलाचा खांब. पूल कधीचाच वाहून गेला, हा तेवढा उरला. वरून तुटलेला, पाण्याबाहेर जेमतेम माणसाएवढा. लांबून बघितलं तर कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलंय असं वाटतं. त्याच्याबद्दल जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कोणी म्हणतं, पूल पडला तेव्हा वर एक माणूस होता. कोणी म्हणतं, तो माणूस होता म्हणूनच पूल पडला. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत.

त्याला पलीकडे जायचंय. आणि तो एकटा जात नाही.

आत्याचा यावर विश्वास होता का? मुळीच नाही. "पाण्यावर पोट आहे, तर पाण्याचे चार नखरे सांभाळायचे," एवढंच म्हणून ती वेटोळ्याला हात लावत नसे.

त्या दिवशीची शेवटची खेप. धुकं असं उतरलेलं, की धक्क्यावर उभं राहून पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. बाजार सुटलेला. माणसं कोपराने वाट काढत नावेत घुसत होती. आणि सगळ्यांच्या मागून दप्तर सावरत आला ढब्बू.

ढब्बू म्हणजे आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ. नऊ वर्षांचा, आणि नावाला जागणारा. तो चढला की नाव एका अंगाला कलायची आणि लोक हसायचे. त्या दिवशी त्याला बसायला जागाच उरली नव्हती. धुक्यात कोणाला उभं राहू देणं शक्य नव्हतं.

"जरा सरकून घ्या. पोरगं आहे," आत्या म्हणाली.

कोणी हललं नाही. टेलरकाकूच्या जिभेला हाड नाही. कापडाचा गठ्ठा मांडीवर घेऊन ती म्हणाली, "समोर अख्खा बाक रिकामा आहे की. आम्ही एकमेकांच्या डोक्यावर बसायचं आणि दोरखंड मात्र ऐसपैस."

"तिथे बसत नाहीत, काकू. माहितेय ना तुम्हाला."

"का? तुझ्या बुटक्याने तिकीट काढून ठेवलंय?"

सगळी नाव हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

"राहू दे पोराला इथेच, सकाळी ने," मागून एक जण म्हणाला.

"आईची माया घरी गेल्यावर," दुसरा म्हणाला. "आम्हाला उशीर होतोय."

ओस पडत चाललेल्या बाजारात, त्या धुक्यात, पोराला एकटं सोडायचं? आत्या रागाने पुढे गेली. वेटोळं उचललं आणि खाली आपटलं.

"बस इथे. कडेची दांडी धर. हलायचं नाही."

"आई, इथे ओलं आहे."

"धुक्याने झालं असेल. बस."

इंजिन सुरू झालं. आत्या मागे, ढब्बू पुढे. मधे माणसं, पिशव्या आणि धुकं. तो दिसत नव्हता म्हणून ती हाका मारत राहिली.

"ढब्बू, आहेस ना?"

"आहे."

थोड्या वेळाने परत.

"आहेस ना रे?"

"आहे गं."

मग बुटका आला. दिसला नाही, पण आत्याला कळलं. रोज त्याच्यावर पाणकावळ्यांचा कलकलाट असतो. त्या दिवशी...

काहीच नाही.

इंजिनाचा आवाज जड झाला. चढावर भरलेली गाडी ओढावी तसा.

आणि नावेचं टोक खाली गेलं. हळूच. दार न वाजवता आत यावं, आणि अंग सावरून बसावं, तसं...

"आई, यांना जरा सरकायला सांग ना," पुढून ढब्बूचा आवाज आला.

आता कोणी हसलं नाही.

"कोणाला रे?"

आत्याने मान उंच करून पुढे बघितलं. नुसतं धुकं.

"टेलरकाकू, त्याच्या शेजारी कोण बसलंय?"

टेलरकाकू त्याच्या सगळ्यात जवळ होती. तिने समोर बघितलं. मग गठ्ठ्यात तोंड खुपसलं, ते काठ येईपर्यंत वर काढलं नाही.

नाव लागली. माणसं भराभर उतरली. एकानेही वळून बघितलं नाही. सगळ्यात शेवटी ढब्बूने धक्क्यावर उडी मारली.

नाव हलली नाही.

मांजर उतरलं तरी नाव डुलते. आणि हा तर ढब्बू.

आत्याने नावेकडे बघितलं. नाव किती भरली याचा अंदाज यावा म्हणून नावेच्या अंगाला लाल पट्टा रंगवलेला असतो. पाणी पट्ट्याला टेकलं, की नाव भरली. आता नावेत कोणी नव्हतं. मागचा पट्टा पाण्याच्या बराच वर होता. आणि पुढचा...

पाण्याखाली.

तिने ढब्बूचा हात धरला आणि घर गाठलं. त्यांच्या घराचा लाकडी जिना कोणीही चढलं की कुरकुरतो. आत्या चढली, कुरकुरला. तिच्यामागून ढब्बू चढला.

जिना गप्प.

त्याने जेवायला नको म्हटलं. अंथरुणावर आडवा झाला. आत्या दिवा घेऊन जवळ गेली.

उशीला खळगाच पडला नव्हता.

तिने त्याच्या पाठीखाली हात घातला आणि उचलून बघितलं. वाळलेला टॉवेल दोरीवरून काढावा, तसा तो हातात आला.

ती धावत मामंजींच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं सांगितलं. मामंजी रागीट नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी शेजारची काठी उचलून भिंतीवर मारली.

"आपल्याच पोराला बसवलंस?"

"लोक ऐकेनात, मामंजी. मी काय करू?"

"लोक! लोकांचं काय गेलं?"

"पण तो घरी आलाय ना. झोपलाय आत."

मामंजींनी काठी खाली ठेवली.

"जेवढा उतरला, तेवढा आलाय," ते म्हणाले. "बाकीचा तिथेच बसलाय."

आत्या त्या रात्री झोपली नाही. खिडकी वाऱ्याने जरा उघडली, की ढब्बूचं पांघरूण हलत होतं. पांघरुणाबरोबर ढब्बूही. असंच चाललं तर आठवड्यात पोरगं हातचं जाणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

उजाडलं तशी ती उठली.

"मामंजी, सुकाणू धरता येईल?"

"गुडघे गेलेत माझे, हात नाही."

धक्क्यावर पलीकडे जाणारी माणसं थांबली होती. ढब्बूला बघून ती बाजूला झाली. टेलरकाकूही होती. "त्याला घेऊन परत इकडे येऊ नकोस," ती म्हणाली. आत्याने मामंजींना हात देऊन नावेत चढवलं. ढब्बूला मागे मामंजींच्या पायाशी बसवलं आणि स्वतः पुढे गेली.

बाक अजून ओला होता.

बुटका जवळ आला. पाणकावळे गप्प झाले. आत्या बाकावर बसली, अगदी मधोमध, दोन्हीकडे अंग चोरून.

तिच्या डाव्या बाजूला एक गुडघा टेकला. दिसत काहीच नव्हतं. पण गुडघा गोल होता, गरम होता आणि थरथरत होता. आईला आपल्या पोराचा गुडघा कळतो.

उजव्या बाजूलाही काहीतरी टेकलं होतं.

ते थरथरत नव्हतं.

आत्याने डावीकडे हात घातले आणि जे लागलं ते ओढून मांडीवर घेतलं. "हा माझा आहे," ती म्हणाली. "तू सरक."

उजवीकडून असा रेटा आला, की बाकाची फळी करकरली. टोक खाली गेलं. पाणी आत आलं, तिच्या घोट्यांवर चढलं. इतकं गार, की पाय आहेत की गेले कळेना.

"सूनबाई, सोड," मामंजी ओरडले. "नाव जाईल."

"जाऊ दे."

"अगं, आपण तिघंही जाऊ."

तिने सोडलं नाही. मांडीवरचं ओझं दोन्ही हातांनी छातीशी धरून ती उठली. कोणीतरी तिची कंबर धरून परत बाकाकडे ओढत होतं. एकेक पाऊल टाकत ती मागे पोचली आणि ओझ्यासकट ढब्बूवर कोसळली.

नाव एका अंगाला कलली.

"आई, ऊठ ना, माझा पाय दुखतोय," ढब्बूने भोकाड पसरलं. "आणि मला भूक लागलीय."

आत्या हसत होती, रडत होती, त्याचे गाल ओढत होती. मामंजी मात्र समोर बघत होते. नावेचं टोक पाण्यातून वर आलं होतं. त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं इतकं वर.

"बाक रिकामा झाला," ते म्हणाले.

"चांगलं झालं की, मामंजी."

"तो उतरला, सूनबाई." मामंजी म्हणाले. "पण काठ कुठे आलाय अजून?"

यापुढचं आत्या सांगत नाही.

ढब्बू ठणठणीत आहे. पूल उघडला, नाव धक्क्याला बांधून ठेवली आहे. मे महिन्यात आम्ही आठ दिवस राहायला म्हणून आत्याकडे गेलो. ती खुर्चीत बसली होती. नेहमी उठून गळ्यात पडणारी आत्या, या वेळी बसूनच राहिली. दोन्ही हात मांडीभोवती, झोपलेलं मूल धरावं तसे. उठायची वेळ आली की आधी भिंत धरायची. "पायाला मुंग्या आल्यात गं," म्हणायची. दर वेळी. गाऊन गुडघ्यांवर ओला असायचा.

दुसऱ्या दिवशी माझी धाकटी बहीण चिमी सवयीने पळत गेली, आत्याच्या मांडीवर बसायला.

"चिमे, नको. जागा नाही," आत्या म्हणाली.

चिमी ऐकते थोडीच. ती चढायला गेली आणि धाडकन मागे फेकली गेली. डोकं दारावर आपटलं, तीन टाके पडले. आईने आत्याला वाटेल ते सुनावलं. लहान लेकराला कोणी असं ढकलतं का? आत्या खाली मान घालून ऐकत राहिली. हात मांडीवरून काढले नाहीत.

त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. बस पुलावर आली तेव्हा चिमी माझ्या कुशीत शिरली.

"ताई, आईला सांग ना, आत्याला ओरडू नको," ती म्हणाली. "आत्याने नाही ढकललं."

मग कोणी ढकललं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.