होल्डनच्या मागच्या सीटवर

रेडिओ हळू कर रे, बंद नको. आगीचा निरोप आला तर कळायला हवा.

देस मलकाही तुम्हाला माहीत आहे. डोंगराकडच्या मातीच्या रस्त्याला शेवटचं घर त्याचं. या आपल्या अग्निशमन दलात माझ्यासोबत राबलेला माणूस, उगाच काही बोलणारा नव्हे. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो.

गेल्या फेब्रुवारीतला तिसरा मंगळवार, ऐन उन्हाळा. दुपारी देसनं आपल्या चौसष्ट सालच्या होल्डन गाडीचा कार्बोरेटर खोलला, धुतला, झाकणाखाली नवं गॅस्केट, ती पातळ कागदी पट्टी, घालून परत बसवला. रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळ्याला न्यायची होती. रोजची गाडी मुलगा शहरात घेऊन गेलेला. बायको नोरीन, तिच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

अंधार पडला आणि वारा फिरला. डोंगरापलीकडची आग या बाजूला वळली. फोन बंद. देसनं नोरीनला उचलून होल्डनमध्ये बसवलं आणि चावी फिरवली. स्टार्टर घरघरत राहिला, इंजिन काही पेटेना.

"दुपारभर त्या डब्याशी संसार केलास," नोरीन म्हणाली. "आता तरी ऐकेल का तो तुझं?"

"ऐकेल. काच वर घे तू."

त्यानं प्लगची ठिणगी पाहिली. होती. कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओतलं. इंजिन लागलं, खोकलं, बंद पडलं. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. पाइप काढून पाहिला तर पंप व्यवस्थित फेकत होता. घोटाळा कार्बोरेटरमध्येच, स्वतःच्याच हातचा. पान्यानं ठोकून पाहिलं. विनवून पाहिलं. शिव्याही घातल्या.

निखारे आता अंगणात पडत होते.

"देस, मला ठेव इथं. तू पळत सूट."

"गप बस, नोरीन."

उजेडाची छोटी बॅटरी दातात धरून त्यानं कार्बोरेटरचं झाकण उघडलं. आतली वाटी कोरडी ठणठणीत. का, ते दिसेना. डोळ्यांत धूर. बॅटरी तोंडातून निसटली, खाली पडून विझली. तो तिथंच बॉनेटखाली डोकं टेकून रडला. हे त्यानंच मला सांगितलं.

मग उजेड आला.

डावीकडून. कुणीतरी बॅटरी उचलून धरली होती. स्थिर.

"उतरलीस कशाला? पडशील ना."

देसला वाटलं, नोरीनच.

उजेडात एक बोट आलं. पांढरं. फार वेळ पाण्यात राहिल्यासारखं सुरकुतलेलं. झाकणाच्या गॅस्केटवर टेकलं... आणि मागे गेलं.

गॅस्केट उलटं बसलं होतं. पेट्रोल यायचं भोक त्यानं झाकलेलं.

देसनं ते फिरवलं. स्क्रू आवळले. मनगटावर थेंब पडत होते. गार. त्यानं मान वर केली नाही.

बॉनेट आपटलं तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. बॅटरी जमिनीवर. विझलेली.

चावी फिरवली. घरघर... घरघर... आणि इंजिन लागलं.

तेवढ्यात मागचं दार बंद झालं. हळूच, घरातलं माणूस बसल्यावर लावतं तसं.

नोरीन समोर बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"देस... मागं बघू नकोस."

त्यानं बघितलं नाही. दोन्ही बाजूंनी झाडं पेटलेली. गाडी मागून दबलेली. मानेवर गारवा.

ओढ्यावरच्या पुलावर मागचं दार उघडलं. गाडी वेगात होती.

मग... बंद झालं.

फुटबॉलच्या मैदानावर लोक जमले होते, मीही होतो तिथं. नोरीनला मीच उतरवून घेतलं. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. दोघं वाचले. घर गेलं.

देसनं मला गाडीकडे नेलं. स्वतः लांब उभा राहिला. मी मागचं दार उघडलं.

त्या उन्हाळ्यात आपले सगळे ओढे नाताळाआधीच आटले होते, आठवतंय ना?

सीट चिंब भिजली होती. तिच्यावर हाताएवढं लांब पाणशेवाळ पडलं होतं, हिरवंगार. आणि त्यावरून एक इवलीशी गोगलगाय चालत होती.