विहिरीवर सापडलेला शार्कचा दात

"माझी कुणीतरी टिंगल केलीय," श्रीधर कस्तुरे म्हणाले आणि रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक दात टेबलावर ठेवला.

बोटाच्या पेराएवढा, त्रिकोणी, काळसर. खाजगी गुप्तहेर नीरजा पिशोरकरने भिंग उचललं. तिचा नवरा वरद तिच्या तपासात स्कूटर चालवायचं आणि शंका काढायचं काम करी.

"माशाचा?" त्याने लगेच विचारलं.

"शार्कचा. लाखो वर्षांपूर्वीचा, दगड झालेला. असे दात शोधण्यासाठी मी कच्छचे ओढे तुडवलेत. आता गुडघे गेले, म्हणून दर रविवारी माझा मित्र हिमांशू याच्याबरोबर इथल्या विहिरींच्या ढिगाऱ्यांत गारगोट्या शोधतो. दुष्काळात जो तो विहीर खोल करतोय, दगडाला तोटा नाही. तिथे हा मिळाला."

"मग आनंदच की!"

"अहो, आपल्याकडचा दगड ज्वालामुखीचा. त्यात शार्क कुठून येणार? माझ्या कपाटातलाही नाही, तिथला एकेक दात मी ओळखतो. असले दात दुसऱ्या कुणाकडे असतील तर हिमांशूकडे. जन्माची मैत्री, आणि म्हातारपणी ही थट्टा!" त्यांनी रुमाल मुठीत चुरगळला. "आठवडा झाला, त्याच्याशी बोललो नाही. सगळा संग्रह कॉलेजला देऊन मोकळा होणार आहे. पण एकदा खात्री करून द्या."

"नेमका सापडला कसा?"

"जायचं होतं वैजापूर रोडला. रुंदीकरणाने रस्ता बंद, म्हणून ऐनवेळी दौलताबादला ओळखीच्या आप्पासाहेबांच्या मळ्याकडे वळलो. हिमांशू विहिरीकडे गेला. मी लिंबाखाली पिशवीतला पंचा काढून झटकला, अंथरला, बसलो, तर हा पुढ्यातच."

नीरजा दाताच्या मुळातली बारीक छिद्रं बघत होती. "यात लाल काय आहे?"

"मुरूम असेल," वरद म्हणाला.

दोघं आप्पासाहेबांच्या मळ्यात गेले. तिथे काळ्या दगडांचा ढीग होता आणि शेजारी पिवळट मुरमाचा.

"कस्तुरे सर येणार हे तुम्हाला माहीत होतं?" नीरजाने विचारलं.

"नाय ओ. एकदमच आले. टँकर आला नव्हता, च्याला बी पाणी नव्हतं, लई लाज वाटली," आप्पासाहेब म्हणाले. "हिमांशूसाहेब माझ्यापाशीच व्हते, हिरीवरची मोटार बघत. सरांनी हाक मारली तवा दोघं संगंच गेलो."

सिडकोतल्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे हिमांशू आधी चिडले, मग खुर्चीत बसून राहिले. "टिंगलच करायची असती तर घोड्याचा दात टाकला असता, असला अस्सल दात कशाला वाया घालवीन? रोज फोन करतो, उचलत नाही. रविवार खायला उठतो हो."

वरदला त्यांची दया आली, तरी संशय गेला नाही.

श्रीधर बँकेत गेल्याचं पाहून नीरजा आणि वरद त्यांच्या घरी गेले. श्रीधरांच्या पत्नी भानुमतीबाईंनी पेलाभर पाणी पुढे केलं.

"रविवारची पिशवी कोण भरतं?"

"मीच. लग्न झाल्यापासून." एवढं बोलून त्या पेला उचलून आत गेल्या.

निघताना मात्र त्यांनी नीरजाला हळदकुंकू दिलं. सणावारी निघणारा चांदीचा करंडा, घट्ट बसलेलं कुंकू, आणि मधोमध एक खोल खळगा. बाईंनी बोटांनी कुंकू कडेचं घेतलं. करंडा गळतोय की काय, असं वरदच्या मनात आलं.

संध्याकाळी नीरजाने सगळ्यांना त्याच घरात बसवलं. श्रीधरनी हिमांशूंकडे पाठ केली होती.

"दात आधीच टाकून ठेवायचा तर तुम्ही कुठे जाणार हे माहीत हवं," नीरजा म्हणाली. "ते तर ऐनवेळी ठरलं. म्हणजे दात मळ्यात नव्हता, तुमच्याबरोबर आला. हिमांशूकाका विहिरीपाशी होते, आप्पासाहेब साक्षीला आहेत. राहिली तुमची पिशवी. तुम्ही पंचा झटकलात आणि तो पडला." तिने ओला रुमाल दाताच्या मुळावर घासला. रुमाल लाल झाला. "तिथला मुरूम पिवळा आहे. हे कुंकू आहे."

सगळे भानुमतीबाईंकडे बघू लागले.

"टिंगल नव्हती हो ती," त्या म्हणाल्या. "गुडघे गेल्यापासून तुमचं हसणंच गेलं. म्हणून मीच तो पंच्यात गुंडाळून ठेवला. वाटलं, हातात घेताच ओळखाल, घरी येऊन म्हणाल, अगं, हा तर तुझा! तुम्ही घुम्यासारखे बसलात. ओळखलं नाही म्हणून मीही रुसले. हिमांशूभावजींवर आळ घेतलात हे मला आज कळतंय."

"तुझा?"

"पहिल्यांदा कच्छला गेलो तेव्हाचा. पायात काटा मोडला म्हणून मी खाली बसले, तर हा दिसला. तुम्ही म्हणालात, तुला सापडला, तूच ठेव. तेव्हापासून करंड्यात होता."

श्रीधरनी दात उचलून उजेडात धरला. मग उठून त्यांनी हिमांशूंचा हात धरला. "गाढव आहे मी."

"ते मला आधीपासून ठाऊक आहे," हिमांशू म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

श्रीधरनी कपाट उघडलं, मधला खण रिकामा केला.

"तिथे नको," भानुमतीबाईंनी तळहात पुढे केला. "तो माझा आहे."

श्रीधरनी दात त्या तळहातावर ठेवला. "डाव्या पायात होता ना काटा? मीच काढला होता. तू ओरडलीस, मी घाबरलो."

भानुमतीबाई किती दिवसांनी हसल्या.

"तेवढं आठवतंय तर!" त्या म्हणाल्या. "मग या रविवारी पिशवीत दोन पंचे भरते, एक माझा."