पूर्व डाव्या हाताला

छपाईच्या यंत्रातून निघालेला लांबरुंद नकाशा दोघांनी एकदमच पकडला. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो.

"माझा आहे," ती म्हणाली.

"दिसतंच आहे. माझा असता तर सुलटा असता."

तिच्या कपाळाला आठी पडली. सगळी संस्था तिला नकाशावाली म्हणायची, आणि हा शेजारच्या खोलीत दुर्बिणीचे कॅमेरे जुळवणारा, काल आलेला, तिला शिकवणार!

काम तिचं नाजूक. आकाशगंगेच्या मध्यावरचं चुंबकीय क्षेत्र डोळ्यांना दिसेल तर शपथ. तिथले धुळीचे कण मात्र त्याच्या धाकाने रांगेत उभे राहतात. सासू आतल्या खोलीत असली तरी सुनांच्या उभं राहण्यावरून कळतं ना, तसंच. त्या रांगांच्या रेघा मांडायच्या, की झाला नकाशा. दुपारी तो समितीपुढे ठेवायचा होता. पसंत पडला तरच दुर्बीण पुढे तिच्या वाट्याला; नाहीतर एवढ्या वर्षांची मेहनत मातीत.

"आकाशाच्या नकाशात पूर्व डाव्या हाताला, जमिनीच्या नकाशासारखी उजव्या नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही रेघा उजवीकडे कलवल्यात... सगळ्या."

तिने पाहिलं. खरंच होतं.

"हसा आता!"

"हसलो असतो. पण तुमचे डोळे भरलेत... खुर्ची ओढू का?"

जेवण विसरून दोघं बसली. तो बोटाने रेघ दाखवी, ती पडताळून मान हलवी. बोटाला बोट लागलं की दोघंही उगाच खोकत. शेवटी रेघा धुळीच्या ढगांच्या कडेने अशा बसल्या, जसे नीट विंचरलेले केस.

समितीने नकाशा पसंत केला. ती बाहेर आली, तर तो दाराशीच उभा.

"तुमचे उपकार—"

"उपकार कसले? नुसत्या उपकारापोटी गोड बोलणार असाल, तर मी आपला कॅमेऱ्याकडे जातो."

तिने मान हलवली.

"चूक दुसऱ्या कुणी काढली असती, तर आभार मानून सरळ घरी गेले असते. पण आत नकाशा मांडताना... धडधड नकाशाची नव्हतीच. दार उघडल्यावर तुम्ही दिसाल ना, याची होती."

"आणि नसतो दिसलो तर?"

"शोधत आले असते. चारचौघांत भांडले असते!"

सकाळपासून टोमणे मारणारा तो कानापर्यंत लाल झाला.

"मग... 'तुम्ही' नको. 'तू' म्हण."

तिने म्हटलं. अगदी हळू. आणि सकाळी घातलेल्या घोळाबद्दल मनातल्या मनात देवाला हात जोडले.