टाकीवरून येणारे तीन झटके

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे माझ्या आत्याच्या मुलाबरोबर, रिजवानबरोबर घडलंय, आणि रिजवानला गोष्टी रचता येत नाहीत. त्याला धड चहासुद्धा करता येत नाही.

मागच्या वर्षीचा एप्रिल. मंगळवार. जत तालुक्यातल्या माळावरचं एक पंपघर.

वेळ दुपारी तीनची. हो, दुपारची. रात्र असती तर मीच म्हणालो असतो, भास झाला असेल.

रिजवान आष्ट्याचा. कंट्रोल पॅनेल दुरुस्त करत गावोगाव फिरतो. या पंपघराच्या वर टेकडीवर पाण्याची टाकी आहे. टाकीत पाणी किती, ते एका तारेतून करंटच्या रूपात खाली येतं. पण खालच्या कंट्रोलरला करंट कळत नाही, व्होल्टेज कळतं. म्हणून मध्ये एक छोटी डबी असते, कन्व्हर्टर. टाकी रिकामी असेल तर पॅनेलवर आकडा दोन. भरली की दहा.

आणि शून्य? शून्य फक्त तार सुटली तरच.

टेकडीवर मोबाइलला रेंज नाही. म्हणून टाकी साफ करणाऱ्या, फौजेतून निवृत्त झालेल्या लालासाहेबांनी एक पद्धत पाडली होती. आत उतरण्याआधी ते तार काढायचे, लावायचे. तीनदा. खाली आकडा तीनदा शून्य व्हायचा. म्हणजे, मी उतरतोय, पंप लावू नका.

फेब्रुवारीत ती तार सैल झाली. आकडा सारखा थरथरायचा, पंप मध्येच बंद पडायचा. पाण्यासाठी गावांतून फोनवर फोन. रिजवान दोन दिवस उन्हात राबून कंटाळला होता. त्याने नवा कन्व्हर्टर बसवला आणि त्यात दहा सेकंदांचा फिल्टर लावला. आता दहा सेकंदांपेक्षा कमी वेळाचा कुठलाही झटका आला तरी आकडा हलणार नव्हता.

आपण काय बंद केलं, ते त्याच्या डोक्यातच आलं नाही.

चौथ्या दिवशी लालासाहेब टाकीत उतरले. झटके त्यांनी दिलेच असणार. आकडा जागचा हलला नाही. ऑपरेटर नानासोंनी तीन वाजता, पंपाची थ्री-फेज वीज आल्या आल्या, पंप लावला. तळाच्या पाइपातून पाण्याचा लोट आला...

कागदावर लिहिलं गेलं, न कळवता उतरला, बुडाला.

फिल्टरचं रिजवानच्या लक्षात आलं, पण तो गप्प बसला. त्याची बायको मुबश्शिरा सांगते, तेव्हापासून त्याला नीट झोप नाही.

तर, तो मंगळवार. सकाळीच नानासोंचा फोन आला.

"रिजवानभाई, लगोलग निघ. आकडा पडतोय."

"किती वेळा?"

"...तीनदा. काल बी, परवा बी, तीनच्या टायमाला."

रिजवान शंभर किलोमीटर मोटारसायकल हाणत पोचला. अंग आंबून गेलं होतं. फिल्टर पाहिला. दहा सेकंद, जसाच्या तसा. मग आकडा पडेलच कसा? त्याने कन्व्हर्टर बदलला. टाकीकडून येणारी तार सोडवून टेबलावर ठेवली. मग स्वतःच्या हातातल्या टेस्टरमधून करंट दिला. एकसारखा, स्थिर.

आकडा सहावर थांबला.

तीन वाजायला आले. पंख्याची घरघर चालू होती. बाहेर झाडावर होले घुमत होते.

मग होले गप्प झाले...

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना...

शून्य.

सहा.

शून्य.

सहा.

शून्य.

तार टेबलावर तशीच सुटी पडलेली.

"मी पंप लावनार न्हाई गड्या," नानासो म्हणाले. "एकदा लावला, बास झालं."

दोघं टेकडी चढले. टाकीचं झाकण उघडलं. आत कुणी नव्हतं. तळ कोरडा ठणठणीत. रिजवान तिथंच फिल्टरचं सगळं सांगून मोकळा झाला. नानासोंनी झाकण बंद केलं.

संध्याकाळी तो लालासाहेबांच्या बायकोकडे, लीलाबाईंकडे गेला. मान वर न करता बोलला.

"काकी, त्यांनी सांगितलं होतं. मीच ते बंद केलं होतं."



"मी समद्यांस्नी सांगत हुते," लीलाबाई म्हणाल्या. "फौजी मानूस. न सांगता उंबऱ्याभाईर सुदिक पाय टाकायचा न्हाई. कुनी ऐकलं न्हाई माजं." मग म्हणाल्या, "तवाच बोलायचं हुतंस रं. आता उद्या कागदावर लिव."

त्याने लिहून दिलं. सही केली. फिल्टर काढून टाकला. त्याला वाटलं, सुटलो. त्या रात्री तो ढाराढूर झोपला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता... पुन्हा तीनदा शून्य.

रिजवानला रडू फुटलं. माफी मागून झाली, खरं लिहून झालं. अजून काय पाहिजे होतं?

आठवडाभर हेच चाललं. शेवटी लीलाबाई स्वतः पंपघरावर आल्या. पॅनेलसमोर बसल्या. तीन झटके त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

"ह्ये उतरल्याचं व्हय?"

"हो, काकी."

"आन वर आल्याचं?"

मग नानासोंनी सांगितलं. वर आल्याची खूण कधी ठरलीच नव्हती. लालासाहेब टेकडी उतरून यायचे, दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, लाव आता.

हे ऐकून लीलाबाई उठल्या. खुर्ची दाराकडे वळवली आणि पायवाटेकडे तोंड करून बसल्या.

"मग बसू की," त्या म्हणाल्या. "येत्याल."

त्या दिवशी पंप साडेतीनला लागला. तेव्हापासून रोज साडेतीनलाच लागतो. पाणी उशिरा येतं म्हणून गावं शिव्या घालतात, नानासो ऐकून घेतात. लीलाबाई रोज येतात.

मी रिजवानला एकदा विचारलं, साडेतीनलाच का? तोपर्यंत काय होतं?

तो म्हणाला, "काकी दाराकडं बघून सांगतात, लाव आता. मग नानासो लावतात. मी तिथं असलो तरी दाराकडं बघत नाही."